संसार मोडला, सही उरली

माळेगाव बुद्रुकमधल्या एखाद्या ऊसवाल्या घरातले कर्जाचे सगळे कागद एकत्र मांडले, तर ते क्वचितच एका नावाचे निघतात. विकास सोसायटीचे पीककर्ज नवऱ्याच्या नावावर, जामीनदार म्हणून भाऊ किंवा शेजारचा खातेदार. बारामतीत घेतलेल्या फ्लॅटचे गृहकर्ज दोघांच्या नावावर. ट्रॅक्टरच्या कर्जाला बायकोची सही, पतसंस्थेत तिचेच दागिने तारण आणि तिच्या बचत गटाच्या कर्जाच्या अर्जावर नवऱ्याची सही. संसार चालू असतो तोवर कोणाची सही कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. हंगामात शिवनगरला माळेगाव कारखान्याकडे ऊस जातो, बिलातून सोसायटीचा हप्ता परस्पर कापला जातो, राहिलेल्यातून बाकीचे हप्ते भागवले जातात. मग कधीतरी भांडण विकोपाला जाते, दोघांपैकी एकजण घर सोडतो, आणि हप्त्यांच्या तारखा मात्र होत्या तिथेच राहतात.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच समजूत ऐकू येते: आता आमचा काही संबंध राहिला नाही, त्याचे कर्ज तो बघेल. नोटरीसमोर मुद्रांक कागदावर सोडचिठ्ठी लिहून घेतली, तर ही समजूत आणखी पक्की होते. तशा कागदाने एरवी हिंदू विवाहसुद्धा मोडत नाही. तो तसा मोडला असे ठरायचे, तर जातीची किंवा समाजाची तशी रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. कर्जाच्या बाबतीत तर त्या कागदाला काहीच किंमत नाही. आणि न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानेही बँकेच्या वहीतले नाव आपोआप कमी होत नाही.

याचे कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. त्याच्या कलम ४३ नुसार दोघांनी मिळून फेडीचे वचन दिले असेल, तर धनको कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. ‘माझा निम्मा वाटा मी भरते, उरलेले त्याच्याकडून घ्या’ असे सहकर्जदार बँकेला सांगू शकत नाही. जामीनदाराची स्थितीही फार वेगळी नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मात्र त्याच कलम ४३ मध्ये दुसरी बाजूही आहे. ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरले, तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो, आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर तो वाटा समान धरला जातो.

म्हणजे इथे दोन स्वतंत्र हिशेब आहेत. एक बँकेशी, दुसरा नवरा-बायकोचा आपापसातला. वेगळे होताना होणारे बहुतेक नुकसान हे दोन हिशेब एकत्र कालवल्यामुळे होते.

कर्जाच्या कागदाची ताकद या तालुक्याने फार पूर्वी पाहिली आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे व खतावण्या जाळल्या. दख्खनच्या उठावाची ती सुरुवात होती. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. त्या उठावानंतर १८७९ साली झालेल्या कायद्याने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली. आजही नवरा-बायकोच्या आपापसातल्या हिशेबात न्यायालय असे मागे जाऊ शकते: पैसा कोणी वापरला, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, दागिने कोणाचे होते. बँक मात्र मागे जात नाही. ती सही पाहते.

म्हणून पहिले काम म्हणजे आपली सही कुठे कुठे आहे याचा शोध. आठवणीवर भिस्त ठेवू नये. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या देशातल्या कर्जांची नोंद ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो चारही ठिकाणांहून काढावा. आपल्या नावावर कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार म्हणून काय आहे, ते त्यात दिसते. चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी; ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पण गावाकडची सगळी कर्जे या अहवालात सापडतील असे धरून चालू नये. सोसायटी आणि लहान पतसंस्था यांच्यासाठी प्रत्यक्ष दप्तरात जावे लागते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीला लिहून दिलेल्या इकराराचा बोजा आहे का ते पाहावे, त्याचा फेरफार काढावा, सोसायटीच्या सचिवाकडे खाते उतारा आणि जामीनकीच्या कागदाची नक्कल लेखी मागावी. सातबाऱ्यावर बायकोचे नाव असेल तर ही पाहणी तिने आणखी काळजीने करावी. १९९२ च्या लक्ष्मीमुक्तीच्या शासननिर्णयाने अनेक शेतकरी स्त्रियांची नावे जमिनीवर लागली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चालवलेल्या त्या मोहिमेचे मोल फार मोठे आहे. बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही, हे तिचे संरक्षण. आणि त्याच कारणाने कर्जाच्या कागदावर तिची सही मागितली जाते, ही तिची जोखीम. घराचेही तसेच झाले आहे. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, आणि पुष्कळ घरांत तिचे नाव त्या सवलतीसाठी लागले. नाव सवलतीपुरते लावले असले तरी कर्जाच्या करारावरची सही पूर्ण रकमेची असते.

जिथे सही नाही, तिथे उगीच घाबरू नये. नवऱ्याने एकट्याने घेतलेले हातउसने, त्याचे वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड केवळ लग्नामुळे बायकोवर येत नाही. बायकोचे नवऱ्यावर येत नाही. ८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात हे चेकच्या संदर्भात स्पष्ट केले. वकिलाची फी दोघांनी मिळून देणे होती, पण चेक नवऱ्याने एकट्याने आपल्या खात्याचा दिला आणि तो वटला नाही. तक्रार दोघांवर झाली. देणे दोघांचे असले तरी ज्याने चेकवर सही केली नाही त्याच्यावर चेक न वटल्याबद्दलचा कलम १३८ चा खटला चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने बायकोवरची तक्रार रद्द केली. २०१३ मध्ये मुंबईच्या दुसऱ्या एका प्रकरणात खाते संयुक्त असूनही हाच निर्णय झाला होता. गावात वसुलीसाठी बायकोला ‘तुझ्यावरही केस होईल’ असे धमकावणाऱ्याला हे निकाल दाखवता येतात. मात्र सही करून ठेवलेले कोरे चेक ही खरी भीती आहे. असे चेक कोणाकोणाकडे आहेत याची यादी करून, त्यांचे क्रमांक लिहून बँकेला आणि ज्याच्याकडे ते आहेत त्याला तारीखवार पत्र द्यावे. अशा पत्राने खटला टळेलच असे नाही, पण पुढे बचावाला आधार राहतो.

यानंतरचे काम नव्या कर्जाची दारे बंद करण्याचे, आणि त्याला उशीर परवडत नाही. संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचे असेल, तर एका खातेदाराने लेखी कळवून ते दोघांच्या सहीशिवाय चालवू नये असे सांगावे. कॅश क्रेडिट किंवा दरवर्षी नव्याने उचलल्या जाणाऱ्या कर्जाला आपण जामीनदार असू, तर करार कायद्याच्या कलम १३० खाली नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती जामीनकी संपवता येते. आजवर उचललेल्या रकमेची जबाबदारी त्याने जात नाही, आणि काही संस्थांच्या छापील अर्जात या हक्कावर मर्यादा घातलेल्या असतात, म्हणून आधी अर्जाची नक्कल हाती घ्यावी. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, पोच जपून ठेवावी. तोंडी सांगितलेले चालत नाही, मग सचिव कितीही ओळखीचा असो.

ऊसवाल्या भागात एक खास गुंता आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८अ प्रमाणे सोसायटीचे येणे कारखान्याकडच्या ऊस बिलातून कापता येते. नवरा-बायको बिनसल्यावर कधी कधी ऊस दुसऱ्याच्याच नावाने घातला जातो, किंवा दुसऱ्या कारखान्याला जातो. बिल खात्यात येतच नाही, हप्ता कापला जात नाही, आणि थकबाकीची नोटीस जामीनदाराच्या दारात येते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वेळेवर फेड केली तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही; मुदत चुकली की ही सवलतही जाते. म्हणून ज्याची सही किंवा जमीन यात गुंतली आहे त्याने ऊस नोंद कोणाच्या नावाने आहे याची कारखान्याच्या गट कार्यालयात हंगामाआधीच चौकशी करावी. जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या स्त्रीने ऊस नोंद आणि बिलाचे खाते आपल्याच नावाने ठेवावे.

हप्ते कोणी भरायचे, हा सगळ्यांत त्रासदायक प्रश्न. गाडी तो वापरतो, मग मी का भरू? न्यायाने पाहता हा प्रश्न बरोबर आहे. पण मुदतीच्या कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते आणि दोघांच्याही पतनोंदीवर तो डाग पडतो. पगारदाराला आणखी एक धोका असतो: सहकारी संस्थेचे कर्ज घेताना सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली संमती दिलेली असेल तर हप्ता थेट पगारातून कापला जाऊ शकतो. या लेखापुरते मत स्पष्ट सांगायचे तर, ज्या कर्जावर राहते घर उभे आहे त्याचा हप्ता शक्य असेल तर चालू ठेवावा आणि भांडण आपापसातल्या हिशेबात करावे. भरताना रोखीने, नातेवाइकाच्या हाती किंवा जोडीदाराच्या खात्यात भरू नये. स्वतःच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरावे आणि ‘तुझ्या वाट्याची रक्कम मी भरली आहे, ती परत मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे’ असे दुसऱ्याला लेखी कळवावे. वाट्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. भरणे शक्यच नसेल, तर गप्प बसण्याऐवजी बँकेला परिस्थिती लेखी सांगून हप्त्यांची फेररचना मागावी.

तरीही खाते थकले तर पुढची वाट संस्थेप्रमाणे बदलते. बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो का, हा वाद अनेक वर्षे चालला आणि ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात तो ‘होय’ असा संपवला. या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पण त्या एका वाक्यावर निर्धास्त राहू नये, कारण सोसायटी किंवा पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते आणि त्यावर जमिनीचीही जप्ती व लिलाव होऊ शकतो. १०१ च्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहून लेखी म्हणणे द्यावे: सही आपली नाही, रक्कम चुकीची आहे, भरणा जमा दाखवलेला नाही, जे असेल ते. घर सोडून माहेरी गेलेल्या स्त्रीची नोटीस जुन्याच पत्त्यावर जाते आणि सुनावणी तिच्या माघारी होते. दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागायची तर येणे रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून नवा पत्ता प्रत्येक संस्थेला लेखी कळवणे, हे साधे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे.

आता मुख्य गोष्ट, बाहेर पडण्याची. बँकेच्या संमतीशिवाय कर्जदाराचे नाव निघत नाही. मालमत्ता विकून कर्ज फेडणे, एकाने स्वतःच्या एकट्याच्या उत्पन्नावर नवे कर्ज काढून जुने बंद करणे, किंवा बँकेने दुसरा जामीनदार घेऊन आधीच्याला लेखी मुक्त करणे, एवढेच खरे मार्ग आहेत. यांतला विक्रीचा मार्ग जिवावर येतो, पण नांदत नसलेल्या दोघांनी वीस वर्षांचे गृहकर्ज एकत्र ओढत राहण्यापेक्षा तो बहुधा बरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बेबाकी दाखला घेऊन काम संपत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा फेरफाराने उतरवावा, ट्रॅक्टरच्या आरसीवरची बँकेची नोंद काढावी आणि महिन्याभराने पतअहवाल पुन्हा पाहावा.

संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांना कायद्यानेच वेळ दिला आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये पहिल्या अर्जापासून दुसऱ्या अर्जापर्यंत किमान सहा आणि जास्तीत जास्त अठरा महिने असतात. २०१७ च्या एका निकालापासून न्यायालय हे सहा महिने माफ करू शकते, आणि लवकर सुटण्याच्या घाईत अनेकजण तशी माफी मागतात. कर्जे मिटलेली नसतील तर ती मागू नये. समेटाच्या अटींत प्रत्येक कर्जाचा खाते क्रमांक, ठरलेल्या तारखेची बाकी, ती कोण फेडणार, केव्हापर्यंत आणि चुकल्यास दुसऱ्याला काय भरपाई देणार, हे स्वतंत्रपणे लिहावे. ‘सर्व देणी पती भागवील’ असे एकच वाक्य लिहिलेल्या अटी पुढे अंमलबजावणीत फार अडचणीच्या ठरतात. दुसऱ्या अर्जावर सही करण्याआधी कर्ज बंद झाल्याचे कागद हातात असावेत, अशी अट घालणे सगळ्यांत सुरक्षित. या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. त्या दुसऱ्या, आपापसातल्या हिशेबाच्या कामाच्या.

जोडीदार अडवणूक करणारा असेल, कागद लपवत असेल, तर सहमतीची वाट बघत बसू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच मानली आहे. कलम १८ खाली दंडाधिकारी संयुक्त खाती आणि लॉकर वापरण्यास, मालमत्ता विकण्यास मनाई करू शकतात. कलम १९ खाली राहत्या घरावर नवा बोजा चढवण्यासही. पोटगीच्या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालाचा मोठा आधार आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र देणे सक्तीचे झाले. त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. ‘शेती वडिलांच्या नावावर आहे, माझे उत्पन्न शून्य’ असे तोंडी सांगणाऱ्याला तो नमुना शपथेवर भरावा लागतो. मुद्दाम अंगावर घेतलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून पोटगी टाळता येत नाही, असे उच्च न्यायालयांनीही अनेकदा म्हटले आहे.

दागिन्यांचे दुखणे वेगळे. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचा स्त्रीधनावर हक्क नाही, अडचणीत वापरले तर ते परत करण्याची जबाबदारी त्याची आहे, असे सांगत बायकोला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. नवऱ्याने दागिने गहाण ठेवले असतील तर पावत्या आणि लग्नातले फोटो जोडून त्या बँकेला किंवा पतसंस्थेला ताबडतोब पत्र द्यावे आणि लिलावाआधी आपल्याला कळवावे असे मागावे. लिलाव झाल्यावर नेमका तोच दागिना परत मिळणे जवळपास अशक्य होते.

अडचणीत येतात ते नवरेही. बायकोच्या गटकर्जावर किंवा व्यवसायाच्या कर्जावर सही असलेल्या पुरुषाला करार कायद्याचे तेच नियम लागू होतात आणि तेच हक्कही मिळतात. जादा भरलेल्या रकमेसाठी तोही न्यायालयात जाऊ शकतो. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, ती दोघांसाठीही. मुलांबद्दलची भीती मात्र कमी करता येते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात बापाचे नवे कर्ज केवळ मुलगा म्हणून कोणावर येत नाही. वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी राहते.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सोसायटी आणि पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी. वकिलाच्या खर्चाच्या भीतीने कोणाही स्त्रीने थांबू नये, कारण विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. बारामतीच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. जाताना पतअहवाल, सातबारा, कर्जखात्यांचे उतारे आणि भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या सोबत न्याव्यात, आणि पहिला हप्ता थकण्याच्या आधी जावे.